शाळेतली सावड

वई निरगुडीची, पण तिच्यावर चढलेला दोडका आक्कांचा. बी त्यांनी टोचलं, मूळ त्यांच्या परसात, आणि वेलाला मात्र आमच्या बाजूचं ऊन मानवलं. त्यामुळे भादवा लागला की आक्का रोज सकाळी वईशी येतात. दोडके निघतात दोन आणि गप्पा तासभर. आमचं गाव भाटघरच्या पाण्याच्या कडेला. लावणी उरकलेली, बेणणी संपत आलेली, बायकांना जरा उसंत असते ती याच दिवसांत.

त्या दिवशी आक्कांच्या हातात दोडका नव्हता, कागद होता. चंचीतून काढलेला, चार घड्यांचा, एका कोपऱ्याला चुना लागलेला.

"बाई, वाचा जरा. पोरगं म्हणतंय सही कर. म्या म्हनलं, आदी बाईंना दावते."

आक्कांचा नातू गावच्या शाळेत तिसरीला आणि मुलगा शाळा व्यवस्थापन समितीत. अर्ज होता गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे. 'आमच्या शाळेतील दोन्ही शिक्षक एकाच वर्गात उभे असतात, दुसऱ्या वर्गाकडे दुर्लक्ष होते, शासनाचे दोन पगार घेऊन एकाचेच काम होते, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' खाली दहा-बारा सह्या, तीन अंगठे.

"खरं हाय का वो ह्ये?"

"खरं आहे. मी बघून आलेय."

"आगं बया! म्हंजी लोकं खोटं न्हाय बोलत. आन दुसरं बी म्हनत्यात... येष्टीत दोगं एका बाकड्यावर बसून येत्यात. वह्या उगडून. गुरुजींचं वय बगा आन त्या बाईचं बगा."

आता गुरुजी पंचावन्नच्या पुढचे, नव्या बाई पंचविशीच्या. गुरुजी भोरला राहतात, नव्या बाई मराठवाड्यातल्या, पवित्र पोर्टलवरून लागल्या आणि भोरलाच खोली घेऊन राहतात. सकाळची एसटी एकच. म्हटलं, "आक्का, त्या वह्यांत काय असतं माहितीये? टाचण. आज इंग्रजीच्या तासाला कोण काय बोलणार, कोण कुठं उभं राहणार, ते ठरवतात. आणि गुरुजींच्या घरून त्या पोरीसाठी भाकरी येते डब्यात, तीही गुरुजींच्या बायकोनं थापलेली. ते नाही का कुणी सांगितलं?"

आक्का जरा ओशाळल्या. पण सही करू की नको हे काही मिटलं नाही. मग मी घमेलं पालथं घालून बसले, त्या वईच्या पलीकडे ओट्यावर.

मी तेहतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली निम्मी वेल्ह्यात. (आता त्या तालुक्याला राजगड म्हणायचं. माझ्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय.) तोरण्याच्या पायथ्याला द्विशिक्षकी शाळा होती. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. आम्ही स्वतः पाचवीपासून शिकलेलो, तेही पाठांतरानं. चार दिवसांचं प्रशिक्षण झालं, पुस्तक हातात आलं आणि सोमवारी पहिलीच्या मुलांपुढं उभं राहायचं होतं. पुस्तकात संवाद असायचे. एक मुलगा विचारतो, दुसरा सांगतो. मी काय करायची? डावीकडे तोंड करून, आवाज बारीक काढून विचारायची, "व्हॉट इज युवर नेम?" मग उजवीकडे वळून जाडा आवाज काढायची, "माय नेम इज राजू." मुलं हसायची. त्यांना वाटायचं, इंग्रजी म्हणजे बाईंच्या अंगात येतं ते.

"आयला!" आक्का पदर तोंडाला लावून हसल्या.

हसण्यासारखंच होतं. पण त्यातली खरी अडचण मला फार उशिरा कळली. गणित एकटा माणूस शिकवू शकतो. कविता एकटा म्हणू शकतो. बोलणं मात्र एकट्याला करून दाखवता येत नाही. मराठीचं तसं अडत नाही, कारण मूल घरात, शेतात, एसटीत दिवसभर माणसं एकमेकांशी बोलताना ऐकतं. इंग्रजीत दोन माणसं एकमेकांना काही विचारतायत, अडतायत, चुकतायत, हसतायत, हे आमच्या खोऱ्यातल्या मुलानं कुठं बघायचं? मोबाईलवर बघतं, पण मोबाईल त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

थांबायचा तो रेडिओ. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं 'वी लर्न इंग्लिश' नावाचा कार्यक्रम केला होता, आकाशवाणीवरून लागायचा. रेडिओतली बाई मराठीत समजावून इंग्रजीत विचारायची आणि गप्प व्हायची. तेवढ्या वेळात मुलांनी उत्तर द्यायचं. वर्गातल्या शिक्षकानं कोण बोललं, कोण नुसतं तोंड हलवतंय ते बघायचं. म्हणजे दोन शिक्षक झालेच की, एक पेटीतला आणि एक पेटीबाहेरचा. आमच्याकडे डोंगराच्या घळीत खरखर जास्त आणि बाई कमी ऐकू यायच्या. पण ज्या दिवशी स्पष्ट लागायचं त्या दिवशी पोरं रेडिओला उत्तर देताना इतकी मोठ्यानं ओरडायची की खालच्या वाडीतनं विचारणा व्हायची, शाळेत काय झालं.

तेव्हा मी आणि माझे जोडीदार गुरुजी, आम्ही दोघांनीही एकदा एकत्र तास घेऊन पाहिला. तो 'राजू', मी 'मीना'. आठवडाभर बरं चाललं. मग एक साहेब आले तपासणीला. नाव कशाला घ्या, निवृत्त झाले बिचारे. त्यांनी शेरा लिहिला, 'एका वर्गात दोन शिक्षक आढळले, दुसरा वर्ग शिक्षकाविना.' तो शेरा मला आजही पाठ आहे. त्यानंतर मी पुन्हा दोन आवाज काढत राहिले.

"म्हंजी तुमच्यावर बी आसाच कागुद आल्ता," आक्का म्हणाल्या आणि हातातल्या कागदाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

"अहो, मग आता काय करत्यात ती दोगं? नातू सांगतो, गुरुजीच इंग्रजी चुकत्यात म्हनं. पोरांपुढं. आन बाई त्यांना शिकवत्यात. ह्यात लाज न्हाय का?"

इथं मला आक्कांना गोंधळाची आठवण द्यावी लागली. दारात गोंधळ घातला की मुख्य गोंधळी कथा लावतो आणि त्याच्या बाजूला साथीदार असतो, तो मधेमधे अडवतो. "म्हणजे कसं?" "अन् मग?" "हे तर काय कळलं न्हाय बुवा." त्याला सगळी कथा पाठ असते. तरी तो विचारतो, कारण मागं बसलेल्या बायाबापड्यांना विचारायचं असतं आणि धीर होत नसतो. गुरुजी तेच करतात. बाई फळ्याशी काही म्हणतात आणि गुरुजी मुलांत बसून हात वर करतात, "बाई, से अगेन प्लीज. आय डोन्ट नो." पंचावन्न वर्षांचा मिशीवाला माणूस 'आय डोन्ट नो' म्हणतो, मग आठ वर्षांच्या पोराला म्हणायला काय जातंय? मी बसले होते त्या दिवशी मागच्या ओळीतल्या एका कातकरी मुलीनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते याच वाक्यानं. आय डोन्ट नो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, त्या मुलीला मराठीत सुद्धा 'मला येत नाही' म्हणायला जड जायचं, कारण पुस्तकातली मराठी हीच तिची परकी भाषा. घरी कातकरी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी.

आणि गुरुजी दर वेळी सोंगच करतात असं नाही. काही वेळा त्यांना खरंच येत नसतं. बाईंना उच्चार येतात, वाक्यं येतात. पण बाईंना इथलं काय येतं? आल्या तेव्हा त्यांना 'वई' माहीत नव्हती, 'खाचर' माहीत नव्हतं. जुलैत एका पोरानं खुंटीवर टांगलेलं जुनं इरलं आणलं शाळेत. बाईंनी विचारलं, "व्हॉट इज धिस?" पोरं म्हणाली, "इरलं." बाईंनी सांगितलं, "रेनकोट." गुरुजी म्हणाले, "नो बाई, अम्ब्रेला." दोघांचा वाद जुंपला, इंग्रजीतच, मोडकातोडका. रेनकोटला बाह्या असतात, इरल्याला कुठंयत? अम्ब्रेला हातात धरतात, इरलं पाठीवर घेतात, हात लावणीला मोकळे राहतात. वर्ग डोळे विस्फारून ऐकत होता. शेवटी आक्कांचाच नातू उठला आणि म्हणाला, "धिस इज नॉट रेनकोट. धिस इज नॉट अम्ब्रेला. धिस इज इरलं."

"माझा नातू?"

"तुमचाच."

आक्कांनी कागद चंचीत ठेवला. म्हणाल्या, "इरलं आमचंच व्हतं. सासऱ्याचं."

मी म्हटलं, बाईंनी एकटीनं शिकवलं असतं तर 'रेनकोट' म्हणून फळ्यावर लिहून पुढं गेल्या असत्या. गुरुजींनी एकट्यानं शिकवलं असतं तर इरल्याला इंग्रजीत काही विचारायचं त्यांच्या मनातही आलं नसतं. एकाला भाषा ठाऊक, दुसऱ्याला पोरं ठाऊक. दोन्ही एका माणसात असतील तर सोन्याहून पिवळं, पण जिल्हा परिषदेच्या बदल्यांच्या चक्रात तसा माणूस तुमच्या वाडीला मिळेल आणि टिकेल, याची कोण हमी देतो?

माझी भाची न्यू जर्सीत शाळेत आहे. तिच्याकडे दुसऱ्या देशांतनं नुकती आलेली मुलं येतात, इंग्रजीचा गंध नसलेली. ती सांगते, पूर्वी अशा मुलांना वर्गातनं उठवून वेगळ्या खोलीत नेत. मूल तिकडे इंग्रजी शिकायचं आणि इकडे गणित बुडायचं. आता भाषेची शिक्षिकाच वर्गात येते आणि वर्गशिक्षिकेसोबत शिकवते. तिकडे मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या दोघींनी अशा जोडीनं शिकवण्याचे प्रकार मांडून ठेवलेत, आणि भाषा शिकणाऱ्या मुलांपुरतं अँड्रिया हॉनिग्सफेल्ड आणि मारिया डव्ह यांनी लिहिलंय. कधी एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं नुसतं बघायचं. कधी वर्ग अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा. कधी मागं पडलेल्या चौघांना एकानं बाजूला घ्यायचं. भाचीची तक्रार एकच. जोडी नीट जमली नाही की भाषेची बाई नुसती कागद वाटणारी मदतनीस होते. जपाननं 1987 पासून परदेशी तरुण आणून तिथल्या शिक्षकांशेजारी उभे केले, तिथंही हीच रड. त्यांतल्या काहींना वाटायचं, आपण माणूस टेपरेकॉर्डर झालोय. म्हण म्हटलं की म्हणायचं.

"म्हंजी नुसती दोन मानसं हुबी क्येली म्हंजी झालं आसं न्हाय," आक्का म्हणाल्या. "जुन्या बैलाशेजारी नवा गोऱ्हा जुपत्यात. पर दोगांची चाल मिळाया पायजे. न्हायतर औत एकीकडं आन बैल एकीकडं."

यापुढे मी काय सांगणार? तरी एक सांगितलं. आपले गुरुजी कधी कधी काहीच करत नाहीत, हे अर्जात लिहिलंय ना? 'गुरुजी मागे खुर्चीत बसून असतात.' बरोबर आहे, असतात. मांडीवर वही असते. वहीत तेवीस नावं आणि पुढं टिंबं. बाई शिकवत असताना जो मुलगा इंग्रजीत एक शब्द बोलेल त्याच्यापुढं टिंब. पहिल्या दिवशी गुरुजींनी ती वही बाईंना दाखवली तेव्हा बाईंचा चेहरा उतरला म्हणे. अर्ध्या तासात बोलणारी मुलं चार, आणि तीच ती चार. बाईंना वाटत होतं सगळा वर्ग बोलतोय, कारण आवाज मोठा होता. मी तेहतीस वर्षं वर्गात उभी राहिले, पण स्वतःचा वर्ग मागच्या भिंतीशी बसून कधी पाहिला नाही. फळ्याकडे तोंड म्हणजे वर्गाकडे पाठ. कोण किती बोललं हे मला कुणी टिंबं मारून दाखवलं असतं, तर काय काय दिसलं असतं कुणास ठाऊक. बरं, त्या वहीमुळेच आता आठवड्यातनं दोनदा तीन सतरंज्या पडतात. एकीवर बाई बोलतात, दुसरीवर गुरुजी वाचून घेतात, तिसरीवर चौथीची पोरं दुसरीच्या पोरांना चित्रं दाखवून विचारतात. लावणीच्या वेळी जी पोरं आठ-आठ दिवस आली नाहीत, त्यांना गुरुजी व्हरांड्यात वेगळं घेऊन बसतात.

"पोरं पोरांना शिकवत्यात? मग मास्तर कशाला?"

"आपल्याच जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथं मुलं एकमेकांचे विषयमित्र होऊन शिकवतात. 2025 साली जगातल्या उत्तम शाळांच्या बक्षिसासाठी निवडलेल्या शाळांत तिचं नाव आलं. पण मास्तर लागतोच. सतरंजी कुठं घालायची ते कोण ठरवणार?"

आक्कांनी मग अगदी हिशेबी प्रश्न टाकला. पहिली-दुसरीचा वर्ग मोकळा राहतो त्याचं काय? मोकळा राहत नाही. शाळेत मुलंच तेवीस. इंग्रजीच्या तासाला सगळी एका खोलीत बसतात, दुसऱ्या खोलीला कडी असते. अर्ज लिहिणाऱ्यानं खिडकीतनं रिकामी खोली पाहिली आणि वर्ग वाऱ्यावर सोडला असं लिहिलं. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, म्हणून आपल्याला दोन मिळतात. कमी पटाच्या शाळांचं काय करायचं यावर मुंबईत दर वर्षी खल होतो. सकाळी सातला पिवळी गाडी येते आणि इंग्रजी शाळेला चार पोरं घेऊन जाते, ती गाडी आणखी चार घेऊन गेली की आपली दुसरी जागा राहते की जाते हे तुम्हीच समजा. मग सतरंज्या नकोत आणि टिंबंही नकोत. एक मास्तर चार वर्ग, दोन आवाज काढत.

त्या गाडीतनं जाणाऱ्या मुलांविषयी मी वाईट बोलणार नाही. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. पण त्यांतल्या एकाला मी विचारलं होतं, शाळेत इंग्रजी कोण बोलतं? म्हणाला, "मिस." अन् तुम्ही? "आम्ही येस मिस."

"खरं सांगू का बाई," आक्का वेलात हात घालत म्हणाल्या, "मला बी इंग्रजी येतंय. येष्टी, इस्टँड, डेपो, गेट, कॅनॉल, ब्याटरी."

गंमत म्हणजे गुरुजींनी हेच केलंय. धरण बांधलं साहेबानं, 1927 साली पुरं झालं, तेव्हा त्याचं नाव लॉईड डॅम. धरणासोबत गेट आलं, कॅनॉल आला, ओव्हरसियर आला. पोरांना सांगितलं, घरी म्हातारी माणसं इंग्रजी शब्द बोलतात, ते लिहून आणा. दोन दिवसांत सत्तरएक शब्द जमले, भिंतीवर लावलेत. आता बाई त्यातला एक शब्द घेतात, त्याचा नीट उच्चार सांगतात, आणि गुरुजी तो गावात कसा आला ते सांगतात. 'ब्याटरी'च्या खाली कंसात तुमच्या नातवाचं नाव आहे. शब्द तुमच्याकडनं गेलेला दिसतोय.

"म्हंजी माझी ब्याटरी शाळंत लागली?"

"लागली. आणि तिच्याशेजारी 'टॉर्च' पण लिहिलंय."

मला विचाराल तर या दोघांच्या तासातली सगळ्यात मोलाची गोष्ट एसटीतला तो अर्धा तास आहे. शाळेत त्यांना बोलायला सवड कुठाय? पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, फोटो, लिंक, संध्याकाळपर्यंत आकडे द्या. 2016 साली टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य सरकार यांनी काही जिल्ह्यांत 'तेजस' नावाचा प्रकल्प चालवला, त्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी ठरावीक दिवशी गटानं बसून बोलायचं असायचं. माझ्या मते त्यातला बसून बोलणं हाच भाग सर्वांत कामाचा होता. आपल्याकडे जोडीनं शिकवा असं प्रशिक्षणात सांगतात, पण जोडीनं बसा यासाठी वेळापत्रकात तास धरलाय असा कागद मी अजून पाहिलेला नाही. मग भोर डेपोची गाडीच त्यांची खोली होते, आणि गावाला त्या बाकड्यावर भलतंच दिसतं.

आक्का बराच वेळ वेलात काहीतरी शोधत होत्या. म्हणाल्या, "आमच्यात सावड असती लावणीला. आज तुमच्या खाचरात आमी, उंद्या आमच्यात तुमी. त्या वक्ताला बी कोन म्हनत न्हाय, का ह्यांचं रान सोडून ही माणसं दुसऱ्याच्या रानात काय करत्यात म्हनून."

"हेच सभेत बोला ना."

"म्या? सभंत? आवो, मला कुठं बोलता येतंय."

"आय डोन्ट नो म्हणा. नातू शिकवेल."

हसून हसून आक्कांनी वई धरली. मग दोन दोडके तोडले, एक माझ्या हातात दिला, एक कमरेला खोचला. कागद परत चंचीतून काढला, बघितला आणि ठेवला. सही करणार नाही म्हणाल्या. मुलाचं मात्र सांगता येत नाही, त्याच्या डोक्यात अर्ज लिहिणाऱ्यानं बरंच भरलंय.

समितीची सभा येत्या शनिवारी आहे, सकाळची शाळा सुटल्यावर. आक्का येणार आहेत आणि मीही. पण त्याआधी साडेआठला इंग्रजीचा तास असतो. ज्यांनी सह्या केल्यात त्यांनी तेवढ्या तासाला लवकर यावं. मागच्या भिंतीशी सतरंजी आहे.